बाईंची ओळ

कागदावर मागची तारीख चढवून तो वेळेत आल्याचं दाखवायचं, याला त्या ऑफिसात ‘ओळ देणं’ म्हणत. शब्दकोशात हा अर्थ सापडायचा नाही. शब्दकोश लिहिणारे आवक खिडकीच्या रांगेत कधी उभे राहिलेत?

शब्द जन्माला घातला आवक रजिस्टर सांभाळणाऱ्या बाईंनी. बावीस वर्षांपूर्वी एक म्हातारी मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी पेन्शनचा अर्ज घेऊन आली. बस चुकली होती. साहेब म्हणाले, नियम म्हणजे नियम. बाईंनी कालच्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात तिचा अर्ज कोंबला. तेव्हापासून रोज संध्याकाळी त्या एक क्रमांक घालून पुढची ओळ कोरी सोडत. गरजवंत वाकून कुजबुजायचे, “बाई, एक ओळ द्या ना.” कुणाच्या चहाच्या कपाच्याही त्या मिंध्या झाल्या नाहीत.

मग ऑफिसची लिफ्ट कोसळली. लिफ्टवाल्याचे दोन्ही पाय गेले. साहेबांनी हात झटकले: लिफ्ट बिघडली होती तर यानं तक्रार का नाही केली? केली होती. तीनदा, तोंडी, बाईंच्या देखत. पण चौकशीवाले म्हणाले, साक्ष नको, कागद दाखवा.

आठव्या दिवशी लिफ्टवाल्याची बायको लिफ्ट बिघडल्याच्या तक्रारीचा अर्ज घेऊन खिडकीशी आली.

“ताई, त्यांच्याकडून अंगठा घेऊन आलेय. अपघाताच्या आदल्या दिवसाची ओळ द्या.”

“देते गं. त्याच्या हक्काचीच आहे.”

बाईंनी पान उलटलं. ओळ भरलेली होती, हेडक्लार्कच्या तिरप्या अक्षरात: ‘लिफ्ट कंपनीचे पत्र. तपासणी झाली, लिफ्ट सुस्थितीत.’

“त्याच्या आधीची बघा ना.”

आधीची झाडूंच्या मागणीनं भरलेली. त्याआधीची पंख्याच्या दुरुस्तीनं. पार महिनाभर मागपर्यंत एकही ओळ कोरी नव्हती. रविवारी रजिस्टर साहेबांच्या घरी गेलं होतं, ते बाईंना आता आठवलं.

त्या रजिस्टर काखेत मारून हेडक्लार्कच्या टेबलाशी गेल्या.

“हे कुणी भरलं?”

“ओळ तुमची, रीत तुमची,” तो सुपारी चघळत म्हणाला. “आम्ही आपले तुमचे शिष्य.”

“मी चौकशीत सांगेन.”

“सांगा की. मग बावीस वर्षांत कुणाकुणाला ओळी दिल्यात, तेही निघेल. त्या म्हाताऱ्यांच्या पेन्शनी बंद पाडायच्यात का, बाई?”

ज्यांच्यापुढे साहेबाचीही बोलती बंद व्हायची, त्या बाईंनी रजिस्टर मिटून पुन्हा काखेत मारलं. भल्यासाठी उघडं ठेवलेलं दार चोरालाही उघडंच असतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आणि शिकवलं असतं तरी त्यांनी त्या म्हातारीला परत धाडलं नसतं.

त्या खिडकीशी परतल्या.

“मिळाली?” बायकोनं विचारलं.

“नाही गं. सगळ्या भरल्यात.”

“तुम्हीच भरल्यात?”

बाईंनी मान हलवली. ती ‘नाही’ची होती की शरमेची, समोरचीला कळलं नाही.

“मग आता?”

“आजच्या तारखेला घेते. दुसरं माझ्या हातात काही नाही.”

“आजच्या तारखेचा काय उपयोग, ताई? तो तर आठ दिवसांपूर्वीच पडला.”

बाईंनी अर्ज घेतला, आजची तारीख टाकली, शिक्का मारला आणि पोच खिडकीतून पुढे सरकवली. ती घ्यायला हात बराच वेळ पुढे आला नाही.