एक माप मोठा वेटसूट

पन्नाशीत मला अंदमानच्या उबदार समुद्रात लेकीबरोबर स्कूबा डायव्हिंग करायचं होतं. तिने पातळ, अंगाला घट्ट बसणारा वेटसूट घ्यायला सांगितलं होतं. पण आमच्या घरात कपडा एक माप मोठाच घ्यायची रीत. मी तसाच मागवला. आमच्या उंद्री गावच्या शेतातल्या विहिरीत उतरून पाहिला, तर सूटच्या गळ्यातून गार पाणी शिरलं आणि सूट फुगला. कशाबशा पायऱ्या चढलो.

"काऊन हो, विहीर घरी घेऊन चालले का?" काठावरून बायकोने विचारलं.

"लहान माप मागवतो."

"अन् त्यात हे पोट कोण कोंबन?"

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "बाबा, अंदमानले येऊन राह्यले ना?"

धापा टाकत म्हणालो, "येतो माय. पण मले सूटात कोंबायले तू अन् तुही आई, दोघी पाह्यजे."