कागद खाली घे

आमच्या घरात हळू बोलणं कुणाला ठाऊकच नव्हतं. टेमघरला घराला लागूनच बाबांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि कापड विणायचे चार लूम, पण त्यांचा खडखडाट भिंतीतून थेट स्वयंपाकघरात यायचा. मीठ मागायचं तरी भांडल्यासारखं मागायचं. पाहुणे बिचारे दोन दिवसांत डोकं धरून परत जायचे. आम्हाला मात्र शुक्रवारच्या सुट्टीला लूम बंद असले की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

शेडमध्ये तर ओरडूनही उपयोग नसे. तिथं माणसं ओठांनी बोलत. आवाज न काढता तोंड मोठं करून 'धागा तुटला', 'वीज गेली' असं सांगायचं आणि समोरच्यानं ओठ बघून समजून घ्यायचं. बाबा त्यात पटाईत. मी शाळेत असल्यापासून तिथंच, सुताच्या पेट्यांच्या आडोशाला बसून लिहायचे. काहीबाही, मनात येईल ते. कुणी हाक मारली तरी ऐकू येत नाही, यासारखं सुख नाही! आई म्हणायची, "लिहून काय भाकऱ्या थापल्या जातात?" मी म्हणायचे, "नाही ना, म्हणून तर लिहिते!" आणि धपाटा चुकवून पळायचे.

दोन हजार सालानंतर धंदा बसला आणि बाबांनी चारही लूम भंगारात काढले. टेम्पो गेला आणि घड्याळाची टिकटिक मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. आम्ही सगळे आपोआप हळू बोलायला लागलो. बाबा तेवढे ओरडतच राहिले. आई वैतागून म्हणाली, "अहो, लूम गेले आता, कशाला बोंबलता?" बाबा नुसते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तेव्हा कुठं आमच्या डोक्यात प्रकाश पडला. बाबांना ऐकू येत नव्हतं. कधीपासून, देव जाणे! त्या खडखडाटात कुणालाच काही ऐकू येत नसे, मग बहिरा कोण हे कळणार कसं?

डॉक्टर म्हणाले, नस गेलीय, यंत्राचाही उपयोग व्हायचा नाही. आई त्यांना अकलोलीच्या गरम कुंडांवर घेऊन गेली, येताना वज्रेश्वरीची ओटी भरून आली. बाबांच्या अंगाला गंधकाचा वास तेवढा लागला, कान होते तसेच. मी भडकले. देवीवरच भडकले म्हणा ना. ज्यानं कुणाचं कधी वाकडं केलं नाही, त्याच्या वाट्याला हे?

कानांचं एक वेळ चाललं असतं. पण लूमवरचं दोन शब्दांचं बोलणं ओठांवरून कळायचं, तशा लांबलचक गप्पा कळेनात. सगळे हसले की बाबा मागाहून हसायचे, कधी नको तिथं हसायचे. एका हळदीला कुणी तरी घरच्या आजारपणाचं सांगत होतं आणि बाबा खो खो हसले. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्या दिवसापासून त्यांनी चार माणसांत जाणं सोडलं. "मना न्हाय यायचं," एवढंच म्हणत. ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसत. जेवणही निम्म्यावर आलं. हा माणूस असा बसल्या बसल्याच आमच्यातून जाणार, असं मला वाटायला लागलं.

मी तेव्हा धामणकर नाक्यावर औषधांच्या दुकानात कामाला होते. एका संध्याकाळी घरी आले, सुताच्या पेटीचा उरलेला पुठ्ठा फाडला आणि त्यावर मार्करनं मोठ्या अक्षरांत दुकानासमोर घडलेलं लिहिलं. शेअर रिक्षात एक बाई बकरी घेऊन चढली. रिक्षावाला म्हणाला, "आँटी, बकरी भी सवारी है, भाडा लगेगा." बाई म्हणाली, "सवारी हाय ना? मग तिला कडेची जागा दे, तिला गाडी लागते!"

बाबा चौथीपर्यंत शिकलेले. बोट ठेवून, ओठ हलवत त्यांनी वाचलं. आणि हसले! कितीतरी महिन्यांनी. मग ओरडले, "पुढं काय झायलं? बकरीला जागा दिली का?"

देवाशप्पथ, मला माहीत नव्हतं. तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं होतं. पण त्यांचा तो चेहरा बघून मी दुसरा पुठ्ठा फाडला आणि पुढचं रचून लिहिलं.

मग रोजचंच झालं. एक पुठ्ठा लिहून संपला की दुसरा. ज्या दिवशी काही सुचायचं नाही त्या दिवशी माझी नुसती चिडचिड, तरी बसायचे. आई दिवा लावायची, मी मार्कर उघडायचे. माझं ठरलेलं लग्न मोडलं, तेही पुठ्ठ्यावरच लिहिलं. तोंडानं सांगता आलंच नसतं. बाबांनी वाचलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ओरडले, "सुटलीस बाय!" अख्ख्या आळीला कळलं. रडता रडता हसायला आलं मला. लिहिण्यावर माझी श्रद्धा बसली ती तेव्हा.

पुढं बकरीची गोष्ट मी कागदावर उतरवून वाचनालयात दिली आणि त्यांच्या कार्यक्रमात ती वाचायला मला बोलावलं. बाबांचं ठरलेलं, "मना न्हाय यायचं." मी पुठ्ठ्यावर लिहिलं, 'तुम्ही नाही तर मीही नाही.' बाबा आले, पण दाराजवळची शेवटची खुर्ची धरून बसले. तिथल्या एका बाईंनी मला बजावलं होतं, कागद नीट समोर धरायचा, आवाज मवाळ ठेवायचा. मी तसंच सुरू केलं. आणि मागून लूमच्या काळातला तो आवाज आला, "बाय, कागद खाली घे! तोंड दिसत न्हाय!"

अख्ख्या हॉलनं वळून बघितलं. कुणी तरी फिस्सकन हसलं. संपलं, म्हटलं, आता हे उठणार आणि पुन्हा कधी उंबरा ओलांडायचे नाहीत.

मी कागद टेबलावर ठेवला. गोष्ट मला पाठ होती, त्यांना तर माझ्याहून जास्त. त्यांच्याकडे बघत, शेडमध्ये बोलायचे तसं तोंड मोठं करून मी सांगत गेले. बाबांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. "सवारी हाय ना?" एवढं मी म्हणाले आणि बाबा खो खो हसले. पुढचं वाक्य यायचं होतं. ते आलं तेव्हा हॉल हसला, बाबांच्या मागाहून.

देवीवरचा माझा राग तिथंच गळून पडला. कार्यक्रम संपल्यावर मी बाबांना दाराजवळ शोधायला गेले, तर खुर्ची रिकामी. ते चहाच्या टेबलापाशी होते. चार अनोळखी माणसं त्यांच्याभोवती गोळा झाली होती आणि बाबा ओरडून ओरडून त्यांना सांगत होते, बकरीचं पुढं काय झालं ते.