डाळिंबाच्या काड्यांचं तेल

लेक बसायला लागली आणि माझी बाळंतपणाची रजा संपत आली. शेतातल्या कचऱ्यापासून इंधनाचं तेल काढणाऱ्या सांगलीच्या प्रयोगशाळेत परत रुजू व्हायचं की इथं आटपाडीला सासरी राहून पोर सांभाळायची, हे ठरवायला अंगणात बैठक बसली. बैठक म्हणजे सासरेच. ते मिलिटरीतून सुभेदार होऊन आलेले. आमच्याकडं आज भाजी कुठली, हासुद्धा हुकूमच सुटतो. नवरा सांगलीहून मुद्दाम आला होता, पण वडिलांसमोर तो कायम सावधानमध्ये. त्याच्याकडून मदतीची आशा मी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सोडली होती.

सासऱ्यांचं म्हणणं एवढंच, की कचऱ्याचं तेल काढायला बाहेर चार माणसं मिळतील, पोरीला आई एकच आहे. माझं डोकंच फिरलं. मी नाकावर माशी बसू देत नाही, हे माहेरी उंब्रजला सगळ्यांना ठाऊक आहे. सासरी कळायचं राहिलं होतं. मी आतून बाटली आणून त्यांच्यापुढं ठेवली. म्हटलं, तुमच्याच बागेतल्या डाळिंबाच्या छाटलेल्या काड्या आहेत या, दरवर्षी बांधावर पेटवून देता त्या. रजेवर यायच्या आधी मी त्यांचं तेल काढलंय.

सासऱ्यांनी बूच काढून वास घेतला आणि बाटली नवऱ्याकडं दिली. त्यानं वडिलांनी घेतला तेवढाच वास घेतला. असल्या वासाची रम कुणी जवानांना पाजली असती तर आपण त्याचं कोर्ट मार्शल केलं असतं, असं सासऱ्यांनी जाहीर केलं.

उंबऱ्यात नातीला मांडीवर घेऊन बसलेल्या सासूबाईंनी मात्र हे होतं कसं, ते विचारलं. मी सांगितलं की काड्या बंद नळीत, हवा न लागू देता तापवायच्या. निघालेला धूर पांढऱ्या दाण्यांवरून न्यायचा, म्हणजे त्यातलं नको ते निघून जातं, आणि उरलेलं थंड केलं की तेल. त्या दाण्यांना उत्प्रेरक म्हणतात. सगळं काम त्यांच्यामुळं होतं, पण ते स्वतः तेलात उतरत नाहीत.

मग ते दाणे कधी बिघडतच नाहीत का, त्यांनी विचारलं. म्हटलं, बिघडतात. राबून राबून त्यांच्यावर काजळी बसते, काळेठिक्कर पडतात आणि काम थांबतं.

"मग टाकून देत्यात?"

"नाही आत्या. त्या धुरातून सोडवायचं आणि गरम हवा द्यायची. काजळी जळून जाते, परत पांढरे होतात."

सासूबाईंनी वळून आत चुलीकडं बघितलं. पोर त्यांचं मंगळसूत्र ओढत होती, तेही त्यांनी सोडवलं नाही. बैठक संपली असं समजून सासऱ्यांनी निकाल द्यायला घसा खाकरला. सून इथंच राहील, असं ते सांगू लागले तोच सासूबाई बोलल्या.

"ती जाईल सांगलीला. मी बी जाती, पोरगी सांभाळाय. लगीन झाल्यापास्नं ह्या चुलीम्होरनं मला कुणी भाईर काढलं न्हाई."

सासऱ्यांनी विचारलं, "आन माझ्या भाकरीचं?"

"मिलिट्रीत हुता न्हवं? थापा की."

भांडायला पदर खोचून बसलेली मी, मला एकदम रडूच कोसळलं. सासूबाईंनी पोर माझ्याकडं दिली आणि स्वतःची पिशवी भरायला आत गेल्या.