लाल बटणावरचं बोट

कळसच्या मिस्त्रीतात्यांचे कान माणसाचे नव्हतेच. विहिरीवरच्या मोटारीला स्क्रू-ड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाला लावायची, की आत कुठली बेअरिंग रडतेय ते सांगायचे. काही जण म्हणत, पळसदेवची मोटार ते कळसला बसून ऐकतात. काही जण म्हणजे मीच. पण ती गोष्ट इंदापूरच्या बाजारातून दुप्पट होऊन परत आली, तेव्हा मलाही खरी वाटली.

"मोटार खोटं बोलत न्हाय, मालक बोलतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मोटार जाळून आणून 'आपोआप बंद पडली' म्हणणाऱ्याला ते चहासुद्धा विचारत नसत.

स्वतःच्या बाबतीत मात्र तात्या पक्के मालक निघाले. एक स्टार्टर दुरुस्त होईतो चारदा उसात लघवीला जायचे. "तात्या, तुमी असल्यावर आमच्या उसाला पाटाचं पाणी कशाला?" असं मीच म्हणायचो नि सगळं शिवार हसायचं. हसण्यात वर्ष गेलं. मग बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं: प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडांपर्यंत पोचलेला.

डॉक्टर समजावत होते, "पुरुषाच्या अंगातलं हार्मोन पेशीतल्या रिसेप्टरला चिकटतं, की पेशीला वाढायचा निरोप जातो. दर तीन महिन्यांच्या इंजेक्शनानं आपण ते हार्मोन थांबवायचं."

"म्हंजे इंजेक्शन हे स्टार्टरचं लाल बटण! दाबलं की मोटार बंद." तात्या खूश.

"हो. पण त्यावरचं बोट उचलायचं नाही."

इंजेक्शनानं रक्तातला कॅन्सरचा आकडा धाडकन खाली आला. तात्या पुन्हा विहिरींत उतरू लागले. पुढच्या इंजेक्शनाच्या दिवशी नेमकी माझी मोटार जळाली, ऊस वाळत होता. मी म्हणालो, "तात्या, बारामतीला पुढच्या आठवड्यात जाऊ."

"जाऊ की. बंद मोटार कुणी रोज बंद करतं व्हय?"

तो आठवडा सहा महिन्यांचा झाला. नंतर मीच त्यांना फटफटीवर घालून नेलं. इंजेक्शन पुन्हा सुरू झालं, हार्मोन तळाला गेलं, तरी आकडा चढतच राहिला. डॉक्टर म्हणाले, "आता हार्मोन नसतानाही रिसेप्टर निरोप देतोय."

तात्यांनी टेबलाच्या कडेवर बोट दाबून धरलं. मग म्हणाले, "स्टार्टरातला कॉन्टॅक्ट चिकटला. बटण दाबलं तरी मोटार चालूच." आणि हळूच, "आसल्या मोटारी मी मेन स्विच पाडून थांबवल्यात. हितं मेन कुठाय, सायेब?"

डॉक्टरांनी नव्या गोळ्या लिहिल्या. मी मागे थांबून विचारलं, "ती चुकलेली इंजेक्शनं...?"

"त्यानंच झालं असं नाही. घेऊनही होतं कधीकधी. नक्की सांगता येत नाही."

तात्यांना मी सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, त्याचा काही संबंध नाही." आयुष्यात हजार थापा मारल्या, सगळ्या खपल्या. ही ऐकताना तात्यांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं, मोटारीच्या मालकाकडं पाहायचे तसं. मग पाठीवर हात ठेवला. "ऊस जगला न्हवं तुझा? बास."

गोळ्यांनी काही महिने दिले. मग तात्या गेले.

माझ्या विहिरीवरचा स्टार्टर त्यांच्याच हातचा आहे. लाल बटण दाबतो. मोटार थांबते, पाइपातलं पाणी गडगडत विहिरीत परत जातं, तेही थांबतं. शेजारचा ओरडतो, "आरं, झाली की बंद!"

मी बोट उचलत नाही.