आईचं बोलणं, बुधवारचा भाग

टीव्ही अजून यायचा होता. दर आठवड्याला लोकांना हसवायचं कंत्राट तेव्हा रेडिओकडे होतं, आणि पंधरा मिनिटांची विनोदी मालिका लिहायचं काम माझ्याकडे. साठ सालानंतरची ती गोष्ट. सात-आठ भाग कसेबसे पार पडल्यावर निर्माते म्हणाले, "पात्रं कागदी वाटतायत. घरातलं एखादं माणूस आण की."

मी आईला आणलं.

मी शहरात राहायचो; आमचं घर टोकावड्याजवळ, घाटाच्या पायथ्याच्या गावात. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती, पण चुलीपाशी बसली की आई त्यांच्याशी बोलायची, ते असताना बोलायची तसंच. तांदूळ काढताना म्हणायची, "आयकलंत का? आज अदपाव कमी घेते." मग जरा थांबायची, मान डोलवायची आणि तेवढेच घ्यायची. कधी भांडायचीसुद्धा. घरात कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं.

स्टुडिओत एक घोगऱ्या आवाजाच्या बाई आईचं काम करायच्या. मायक्रोफोनजवळ सुपात तांदूळ ओतायचे, "आयकलंत का?" म्हणायचं आणि मग दोन सेकंद शांतता. त्या शांततेला आम्ही पोट धरून हसायचो. श्रोत्यांची पत्रं यायला लागली आणि मी हवेत तरंगू लागलो.

गावात रेडिओ एकच, शाळेत. तिथे पुरुष जमत, बायका फिरकत नसत, म्हणून मी निर्धास्त होतो. पण मुलाची मालिका म्हणून एका बुधवारी गावाने आईला मानाने नेऊन पुढे बसवलं. शेजारच्या काकूंनी मला नंतर सांगितलं, "सगली हसली रे. तुझी आयपण हसली. मंग उठून घरी गेली."

तेव्हापासून मी घरी असलो की ती तांदूळ गुपचूप काढायची. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. काही विचारलं की "हां", नाहीतर "नाय". मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. पुढच्या भागाला मजकूर कुठून आणायचा, ही काळजी मात्र होती.

एकदा गावाहून शहरात परत निघालो, तर घाटाकडून आलेली एसटी भरलेली होती, थांबलीच नाही. दुसरी दुपारी होती, म्हणून घरी फिरलो. अंगणात पोचलो तोच सुपात तांदूळ पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आईचा.

"आयकलंत का? गेला तो. आता बोला."

मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. आत जावं, तिचे पाय धरावेत, निदान खाकरावं तरी. सगळं कळत होतं. पण हात खिशात गेला. मी पेन्सिल काढली, वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि आवाज न करता फाट्यावर जाऊन दुपारच्या गाडीची वाट बघत बसलो.

बुधवारी त्या वाक्याला स्टुडिओत एवढा हशा झाला की तालीम दोनदा थांबवावी लागली. मीही हसलो.