करदोट्याची गाठ

यल्लूमामांबद्दल कुणी विचारलं, की मी त्यांच्या भज्यांबद्दल सांगून सुटत आलो. भजी खरंच चांगली होती. बाकीचं सांगायचं मी आजवर टाळलं.

सुपे गाव धरणाखाली जाण्याआधी तिथल्या बाजारात मामांचं चहाचं हॉटेल होतं. गिऱ्हाईक बाकावर टेकायच्या आत ते त्याच्या पोटाची चौकशी करत. कुणी ढेकर दिली, की म्हणत, "काल वड्याची आमटी हाणलीस व्हय? ताक पी. पोट म्हंजे बैल हाय. रुसून बसतंय, परत उठतंय." बहुतेकांचं उठेही.

स्वतःच्या पोटासाठी मात्र ते समोर माझ्या किराणा दुकानात येत. तरुणपणी मी बेळगावात औषधांच्या दुकानात बाटल्या पुसल्या होत्या. तेवढ्यावर गाव मला अर्धा डॉक्टर मानी. उरलेला अर्धा मी स्वतःच मानून घेतला होता.

एकदा मामा हळूच म्हणाले, "दत्तू, परसाकडला रक्त पडालंय. कधी घट्ट, कधी पातळ. बैल उठंना झालाय."

"मूळव्याध. सुरण खावा, मामा," मी वजनाच्या काट्यावरून नजर न काढता सांगितलं.

सुरणाला डुकराचं जेवण म्हणणारे मामा रोज सुरण खाऊ लागले. मामींनी तो परसात लावला.

पुढे एके दिवशी त्यांनी सदरा वर केला. करदोटा कमरेवरून घसरत होता. "जरा आखूड करून गाठ मार बा."

"बारीक व्हायलाय, मामा. नव्यानं लगीन करायचं हाय काय?"

बाकावरचे हसले, मामाही हसले. दिवाळीआधी तीच गाठ मी पुन्हा आखूड केली. थट्टाही तीच केली.

शेवटी मीच त्यांना बेळगावला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "रक्त मळात मिसळून येतं? सवय कधीपासून बदलली?" मग तपासून झाल्यावर करदोट्याकडे पाहून ते म्हणाले, "मूळव्याधीनं माणूस असा वाळत नाही. आतड्यात गाठ आहे. फार उशीर केलात."

"गाठ व्हय?" मामा माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले, "ती आमच्या दत्तूनं मारलीया."

शिमग्याआधी मामा गेले.

धरणानंतर मामी रामनगरला आल्या. परसात सुरण निघाला, की मला जेवायला बोलवत. "तुझ्या सुरणानं त्यास्नी तेवढं तरी बरं वाटलं बघ," असं म्हणत वाढत.

"मामी," मी सुरुवात करी, आणि पुढचं घशातच अडके.

"खवखवालंय व्हय रे?" त्या म्हणत. "पुढच्या खेपेला आमसूल जास्ती घालते."