नववा अवतार तुमचाच

"लक्ष्मी काळी असते का गं?"

बाईंनी विचारलं आणि आठवीचा अख्खा वर्ग खदखदून हसला. माझा हात वरच राहिला. गॅदरिंगला दशावतार बसवत होते. विष्णूचे पाय चेपायला लक्ष्मी हवी होती. बोलायचं काहीच नाही, नुसते पाय चेपायचे. तेवढीही माझी लायकी नव्हती. मग बाईंनाच दया आली म्हणे.

"तू नववा अवतार हो. बुद्ध. तो तुमचाच आहे. डोळे मिटायचे आणि गप बसायचं."

पंचवटीतली शाळा. वर्गात बौद्ध मी एकटी. "तुमचाच" कुणाला म्हणाल्या ते बाकांना पण कळलं असेल.

तालमी सुरू झाल्या. रविवार कारंजावरच्या दुकानातून भाड्याचे मुकुट आले. पोरं एकमेकांच्या डोक्यावर घालून बघत होती. मी नुसता हात लावला तर बाई ओरडल्या, "हिच्या डोक्याला नको रे! परत करायचेत." बुद्धाला मुकुट नसतोच. तरी ओरडल्या.

निवेदन करणारा मुलगा माइकसमोर वाचायचा, कुठला अवतार कशासाठी झाला. मासा वेद वाचवायला. वराह पृथ्वी वर काढायला. नरसिंह प्रल्हादासाठी. सगळे कुणाला ना कुणाला वाचवायला आलेले. आणि माझा? "दैत्य वेद शिकून बलवान झाले. त्यांना भुलवून वेदांपासून तोडायला भगवंतांनी बुद्धाचं रूप घेतलं." म्हणजे हा एकटाच फसवायला आलेला.

मी विचारलं, "बाई, दैत्य म्हणजे कोण?"

बाई लक्ष्मीच्या केसांत पिना खोचत होत्या. मान वळवली नाही. "आरशात बघ."

वर्गभर नुसतं हसू. मीसुद्धा हसले. हो, हसले! आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

घरी काय सांगणार? पप्पा ओझरच्या फॅक्टरीत हेल्पर, आई साड्यांना फॉल लावायची. आईला एवढंच कळलं होतं की पोरगी बुद्ध होणार. तिने पप्पांचं धोतर गेरूत बुडवून चीवर केलं. कॉलनीतल्या बायकांना आवतण दिलं. विहारात दर रविवारी आम्ही प्रतिज्ञा म्हणायचो. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असं मी मानणार नाही, ही त्यातलीच एक. आई डोळे मिटून म्हणायची, मी पोपटासारखी. शाळेत नेमकं तेच चाललंय, हे तिला सांगायला माझी जीभ रेटली नाही.

गॅदरिंगला मागच्या रांगेत पांढऱ्या साड्या दिसल्या. आमच्याच बायका. मी मांडी घालून डोळे मिटले. निवेदन सुरू झालं. दैत्य. भुलवणं. पुढच्या खुर्च्यांतून टाळ्या. मागून एकही नाही.

मी डोळे उघडले. उभी राहिले.

"खोटं आहे हे. बुद्ध कुणाचा अवतार नव्हता. माणूस होता. आणि आम्ही दैत्य नाही!"

पडदा पाडला. बाईंनी कानाखाली अशी ठेवून दिली की कान सुन्न झाला. चीवर ओढलं, खांद्यावर टर्रकन फाटलं. "दाखवलीत ना जात! आत्ताच्या आत्ता माफी माग, नाहीतर उद्या दाखला घेऊन जा."

आई धावत आली. माझा गाल बघितला, फाटलेलं चीवर बघितलं. आणि वाकली. पांढरी साडी धुळीत. बाईंच्या पायांवर हात.

"चुकलं पोरीचं, बाई. शाळा नका तोडू. पाया पडते."

बाईंनी पाय मागे घेतले. विटाळ झाल्यासारखे. तोवर मार खाल्ला होता, हसणं खाल्लं होतं. हे मात्र नाही गिळता आलं. मी आईचा दंड धरून ओढला.

"ऊठ. माझं काही चुकलं नाही. तू ऊठ आधी."

ती उठेना. रडत होती. शेवटी मी काखेत हात घालून तिला उभी केली.

दाखला मिळाला. द्वारका चौकापलीकडच्या शाळेत गेले, शिकले, नोकरीला लागले. पण आईची ती वाकलेली पाठ डोळ्यांपुढून हलत नाही, आणि मला ती हलवायचीही नाही.

आज दुपारी मोबाईल वाजला. माझ्या लेकीच्या शाळेतल्या बाई. गोड आवाज.

"मॅडम, आम्ही दशावतार बसवतोय. तुमची मुलगी किती शांत आहे हो! तिला बुद्ध करू या ना?"

मी म्हटलं, "निवेदन वाचून दाखवा."

त्यांनी वाचलं. तेच. शब्द जरा गुळगुळीत केलेत, एवढंच.

"बाई, यातले दैत्य म्हणजे कोण?"

पलीकडून मग हसण्याचा प्रयत्न. "अहो मॅडम, पुराणातली गोष्ट आहे ती..."

"गोष्टच आहे ना? मग उद्या शाळेत येते. सगळ्या वर्गासमोर सांगा, कोण ते. तोवर माझी लेक स्टेजवर चढणार नाही. आणि हेच निवेदन वाचलंत, तर मी चढेन."